हिशेबनीस बदलताना

माणसाने आपला हिशेबनीस बदलावा की बदलू नये, हा प्रश्न वरकरणी धर्मविचाराच्या कक्षेत येणारा वाटत नाही. मोबदला देऊन काम करून घ्यायचे असेल, तर ते कोणाकडून घ्यावे हे मोबदला देणाऱ्याने ठरवावे. फिक्हच्या भाषेत हा 'इजारा' होय. ठरलेले काम झाले, मुदत संपली, मोबदला चुकता झाला, की दोन्ही पक्ष मोकळे. शिंपी बदलणे जसे जायज, तसेच हिशेबनीस बदलणेही जायज. त्यासाठी मुफ्तीसाहेबांकडे जाण्याचे कारण नाही. तरीही स्वतःचा छोटा व्यवसाय करणारी सरळ मनाची माणसे हा बदल करताना अस्वस्थ होतात, महिनोन्महिने तो टाळतात. किंवा एका रात्रीत करून टाकतात आणि पुढे जुन्या हिशेबनीसाच्या दारावरून जाताना मान वळवतात. जे निखालस जायज आहे, त्यात ही बोच कशाची?

उदाहरण आपल्याच मुलखातले, धाराशिव जिल्ह्यातील तेरचे घेऊ. आपल्या मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. तेरसारख्या गावातला लहान गुत्तेदार ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता करतो, जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली बांधतो, मधल्या दिवसांत कोणाच्या घराचा स्लॅब टाकतो. त्याला कचेरी नसते. त्याची कचेरी म्हणजे खिशातली डायरी आणि घरातल्या कोनाड्यातली पिशवी. त्या पिशवीत सिमेंटची, सळईची, वाळूची बिले, बँकेचे कागद आणि मजुरांच्या हजेरीची पाने एकत्र कोंबलेली असतात. वर्षातून काही वेळा ही पिशवी धाराशिवला किंवा लातूरला एका टेबलावर रिकामी होते. टेबलापलीकडच्या माणसाला कळते की या गुत्तेदाराने भावाकडून किती उसने घेतले, मुलीच्या लग्नासाठी धंद्यातून किती काढले, कोणत्या कामात त्याला नुकसान आले आणि ते त्याने घरी सांगितलेले नाही. घरच्या माणसांना जे ठाऊक नाही ते या परक्या माणसाला ठाऊक असते. शिंप्याला फक्त अंगाचे माप ठाऊक असते.

तेव्हा खरा प्रश्न असा विचारायला हवा: हिशेबनीस हा आपला नोकर आहे की आपल्या व्यवहाराचा साक्षीदार? नोकर असेल तर बदल हा केवळ सोयीचा मामला. साक्षीदार असेल तर मात्र बदलामागचे कारण तपासावे लागते, कारण साक्षीदार बदलण्याचा अधिकार कोणत्याही पक्षकाराला नसतो.

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाज, रोजा किंवा वारसा यांविषयीची नाही. ती देण्याघेण्याच्या लेखनाविषयीची आहे. सूरह अल्-बकराच्या या 282 व्या आयतीला भाष्यकार 'आयतुद्दैन' म्हणतात. आपल्या घरांत ती तिलावतीत येते, परंतु तिच्यावर थांबून विचार क्वचितच होतो. मुदतीचे देणे असेल तर ते लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अल्लाहने लेखनाचे ज्ञान दिले आहे म्हणून लिहिण्यास नकार देऊ नये, असे ती सांगते. पुढची आज्ञा गुत्तेदाराने विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे: मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. त्याने आपल्या पालनकर्त्याचे भय बाळगावे आणि सांगताना काही कमी करू नये. लेखणी कातिबाच्या हातात आहे, पण आकडा देणेकऱ्याच्या तोंडून निघाला आहे. म्हणून "ते सगळे सीएसाहेब बघतात, मला त्यातले काही कळत नाही" हे जे वाक्य आपण सर्रास ऐकतो, त्याला या आयतीपुढे आधार उरत नाही. सही आपली, देणे आपले, तर सांगणेही आपले.

आयतीच्या अखेरीस आणखी एक आज्ञा येते. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोहोचू नये. येथे कातिब आणि साक्षीदार एकाच वाक्यात, एकाच संरक्षणाखाली उभे केले आहेत. अरबी क्रियापदाचे रूप असे आहे की भाष्यकारांनी त्याचे दोन्ही अर्थ नोंदवले आहेत: कातिबाला इजा करू नये, आणि कातिबानेही इजा करू नये. दोन्ही अर्थ एकत्र धरले तर गुत्तेदार आणि हिशेबनीस यांच्यातील सारा संबंध त्यात येतो. लगेच पुढची 283 वी आयत साक्ष न लपवण्याची ताकीद देते आणि साक्ष लपवणाऱ्याचे हृदय गुन्हेगार ठरवते. जीभ नव्हे, हृदय. हिशेबनीस मोबदल्यावर काम करतो हे खरे, पण तो ज्या कामाचा मोबदला घेतो ते काम साक्षीचे आहे. मोबदल्याच्या बाजूने तो बदलता येतो. साक्षीच्या बाजूने नाही.

तेरच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असल्याचे आणि तेथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे नमूद आहे. पैठणपासून भडोच आणखी वीस दिवसांवर. म्हणजे माल धन्यापासून महिनाभराच्या अंतरावर जाई. धनी गाडीबरोबर जाऊ शकत नसे. त्याच्या वतीने बोलत असे ती कोणातरी दुसऱ्याची नोंद आणि दुसऱ्याची जबान. आज ग्रामपंचायतीचे बिल, बँकेचा उतारा आणि कर खात्याचे संकेतस्थळ यांच्यामध्येही गुत्तेदार स्वतः कुठे उभा नसतो. त्याच्या जागी त्याची नोंद उभी असते.

आता माणसे हिशेबनीस का बदलतात ते पाहू. पुष्कळदा कारण रास्त असते. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद बिल देताना एकट्या गुत्तेदाराच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून घेते. अडीच लाखांवरच्या करारात वस्तू व सेवा कराची दोन टक्के कपातही होते. ही दुसरी कपात संकेतस्थळावर जाऊन स्वीकारावी लागते, तेव्हाच ती गुत्तेदाराच्या खात्यात जमा होते. हिशेबनीसाला हे ठाऊक नसेल किंवा आळस असेल, तर गरिबाचे पैसे तेथेच पडून राहतात. कोठे विवरणपत्र वेळेवर भरले जात नाही आणि दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क चढत जाते. कोठे याहून वाईट घडते: कराचे पैसे गुत्तेदाराकडून नेले जातात आणि भरले जात नाहीत. अशा हिशेबनीसाला सोडणे हे गैर नाहीच; त्याच्याकडे भिडेखातर राहणे हे गैर. शुऐब (अलै.) यांच्या कन्येने मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना दोन गुण सांगितले, समर्थ आणि विश्वासू. यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या कोठारांची जबाबदारी मागताना स्वतःचे दोनच गुण सांगितले, रक्षण करणारा आणि जाणणारा. दोन्ही ठिकाणी जोडी आहे. केवळ भला माणूस असून भागत नाही आणि केवळ हुशार असून तर मुळीच भागत नाही.

येथे एका नाजूक बाबीचा उल्लेख करणे भाग आहे. हिशेबनीस बदलताना "आपल्या माणसाकडे जा" असा सल्ला आपल्या मोहल्ल्यांत हटकून मिळतो. आपल्या बांधवाला काम मिळावे ही इच्छा चांगली आहे, आणि दोघे सारखेच समर्थ व विश्वासू असतील तर तिचा मान राखावा. परंतु हिजरतच्या प्रवासात, जेव्हा जीव आणि दीन दोन्ही पणाला लागले होते, तेव्हा प्रेषित (स.) आणि माननीय अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून मोबदल्यावर नेमलेला माणूस मुस्लिम नव्हता, तो वाटेचा जाणकार होता आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास होता. सहीह बुखारीत ही हकीकत आली आहे. वर्षानुवर्षे सचोटीने काम करणाऱ्या शेजारधर्मातल्या हिशेबनीसाला केवळ नावामुळे सोडणे हा दीनचा आदेश आहे, असे कोणी सांगत असेल तर त्याने या प्रसंगाचा विचार करावा.

फीचे कारणही असते. दुसरा कमी घेतो म्हणून त्याच्याकडे जाणे जायज आहे. जुन्याची फी बुडवून जाणे जायज नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही इब्ने माजातील हदीस आपण गवंड्याबिगाऱ्यांच्या संदर्भात सांगतो. टेबलापाशी बसून काम करणाऱ्याचा घाम दिसत नाही, एवढाच फरक.

परंतु तिसरे एक कारण असते, आणि ते उघडपणे कधीच सांगितले जात नाही. जुना हिशेबनीस म्हणतो, "हे बिल मी धरणार नाही, यातला माल आलेलाच नाही." नवा म्हणतो, "द्या, बघू." आणि माणूस नव्याकडे जातो. तोंडाने फीचे, अंतराचे, स्वभावाचे कारण सांगतो. बोच आहे ती येथे. हा बदल म्हणजे खरी साक्ष देणाऱ्याला उठवून त्याच्या जागी न पाहणाऱ्याला बसवणे होय. इजा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. सत्य लिहिले म्हणून ज्याची रोजी गेली, त्या कातिबालाही इजाच झाली.

यावर एक आक्षेप सुशिक्षितांकडूनही ऐकू येतो. कर म्हणजे जकात नव्हे. शासनाने लावलेला बोजा आहे. त्यातून थोडे वाचवले तर त्याला खोटी साक्ष का म्हणावे? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. कर किती असावा, तो न्याय्य आहे की नाही, यावर मतभेद असू शकतात, आणि कायद्याने दिलेली प्रत्येक सवलत घेण्यास काहीही हरकत नाही. पण गुत्तेदाराच्या बाबतीत दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, सार्वजनिक कामाच्या बिलात साधारणपणे 18 टक्के वस्तू व सेवा कर ग्रामपंचायत त्याला वेगळा देते, तो पुढे पोहोचवावा म्हणून. ती रक्कम त्याच्या नफ्याची कधी नव्हतीच. न आलेल्या सिमेंटचे बिल लावून ती अडवणे म्हणजे कर वाचवणे नव्हे, हातावर ठेवलेली दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणे आहे. दुसरी, विवरणपत्राखाली "वरील माहिती खरी आहे" असे प्रतिज्ञापूर्वक लिहून सही होते. महापातके कोणती हे सांगताना प्रेषित (स.) टेकून बसले होते, खोट्या साक्षीचा उल्लेख आला तेव्हा ते सरसावून बसले आणि तो शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की सोबत्यांना वाटले, आता थांबावे. माननीय अबू बक्रा (रजि.) यांनी निवेदन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोघांत आहे. तिच्यात कोणाविरुद्ध खोटी साक्ष दिली तर चालते, असा अपवाद नाही.

गुत्तेदाराला हे समजावण्यासाठी लांब जायला नको. त्याच्या कामाची मोजणी अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो. रस्ता 100 मीटर असताना 90 लिहिला तर गुत्तेदार भांडतो, आणि ते योग्यच आहे. 90 असताना 100 लिहून घेणारा मात्र मनातल्या मनात जाणतो की टेप बदलल्याने रस्ता लांबला नाही. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या प्रारंभी ज्यांचा धिक्कार आहे, ते घेताना माप भरून घेतात आणि देताना घटवतात. माप कोणाच्या हातात आहे यावर ते सुटत नाहीत.

कारण रास्त आहे असे धरू. आता बदल कसा करावा? येथे कागदांचा प्रश्न येतो, आणि फिक्हच्या दृष्टीने तो या विषयातला सर्वांत रोचक भाग आहे. फी थकली म्हणून जुना हिशेबनीस कागद अडवू शकतो का?

हनफी फिक्हच्या 'हिदाया' या ग्रंथात, जो इमाम मर्गीनानी (रह.) यांनी बाराव्या शतकात लिहिला, इजाऱ्याच्या प्रकरणात एक नियम आहे. ज्या कारागिराच्या कामाचा परिणाम वस्तूत उतरतो, तो मजुरी मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. रंगारी कापड रंगवतो. रंग कापडात आहे, म्हणून तो कापड रोखू शकतो. ज्याच्या कामाचा परिणाम वस्तूत उतरत नाही, जसा हमाल किंवा नावाडी, त्याला ओझे रोखून धरता येत नाही. त्याने मजुरी वेगळी मागावी. मग हिशेबनीस रंगारी आहे की हमाल?

माझ्या मते तो दोन्ही आहे, आणि म्हणूनच भांडण होते. पिशवीतून आलेली बिले, बँकेचे उतारे, करारनामे यांत त्याने काहीही मिसळलेले नाही. ते त्याने वाहिले, सांभाळले. त्या बाबतीत तो हमाल आहे आणि ते कागद त्याने मागताक्षणी परत केले पाहिजेत. त्याने स्वतः तयार केलेली कीर्द, खतावणी, ताळेबंद यांत त्याच्या कामाचा रंग उतरला आहे. हनफी नियमानुसार त्या तयार कामावर फी मिळेपर्यंत त्याचा हक्क सांगता येईल. वकिलाने फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवू नयेत, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिला. तो निर्णय वकिलांविषयीचा आहे, पण त्यामागचा विचार येथेही उपयोगी पडतो: कागद अडले तर ज्याचे काम अडते त्याचे नुकसान फीच्या कितीतरी पट होते. कातिबानेही इजा करू नये, हा त्या आयतीचा दुसरा अर्थ येथे लागू होतो.

आजच्या काळात कागदांहून अवघड अशा गोष्टी त्या टेबलाच्या खणात असतात. लहान गावांतील कित्येक व्यावसायिकांची कर नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल हिशेबनीसाचेच दिले जातात, कारण "साहेबांकडे ओटीपी आलेला बरा". पासवर्ड त्याच्याकडे, डिजिटल सहीचे यंत्र त्याच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे आपली सही आपण दुसऱ्याच्या खणात ठेवून आलो. कोऱ्या कागदावर सही करून द्यायला जो माणूस कधी धजणार नाही, तोच हे निर्धास्तपणे करतो. क्रमांक बदलून घेता येतो. जुना हिशेबनीस सहकार्य करत नसेल तर आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीच्या पुराव्यासह अर्ज करता येतो. पण मुळात तो क्रमांक स्वतःचा असावा.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. गुत्तेदार निविदेबरोबर जी रक्कम भरतो तिला मराठीत 'अनामत' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'अमानत'. अक्षरांनी जागा बदलल्या आहेत, इतकेच. जमा, खर्च, वसूल, बाकी, हिशेब हे सारे शब्द त्याच अरबी-फारसी वाटेने मराठीच्या वहीत येऊन बसले. निविदेची अनामत परत मिळावी म्हणून वर्षभर खेटे घालणाऱ्या माणसाला अमानत म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागू नये.

अमानत परत करण्याला वैराचे कारण चालत नाही. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषित (स.) यांच्या जिवावर उठले होते, आणि त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी माननीय अली (रजि.) यांना मागे ठेवले, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. ज्याने विश्वास ठेवला त्याची अमानत परत कर आणि ज्याने तुझा विश्वासघात केला त्याचाही विश्वासघात करू नकोस, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्याकडे आहे. जुन्या हिशेबनीसाने पैसे खाल्ले असतील तर त्याच्यावर दावा करावा; पण त्याने विश्वासाने सांगितलेल्या त्याच्या घरच्या, इतर ग्राहकांच्या गोष्टी चौकात मांडण्याचा परवाना त्यामुळे मिळत नाही. तसेच हिशेबनीसाचे. ग्राहक गेला म्हणून त्याचे गुपित मोकळे झाले असे होत नाही. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्यातही ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे गैरवर्तन ठरवले आहे.

नव्या हिशेबनीसाला जुन्याविषयी काय सांगावे? गीबत होईल या भीतीने काही जण काहीच सांगत नाहीत, आणि चार वर्षांची चूक नव्याच्या गळ्यात बांधतात. काही जण चहा येईपर्यंत जुन्याचे सात पिढ्यांचे उद्धरण करतात. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये ज्या सहा प्रसंगी कोणाचे दोष सांगणे जायज ठरते ते नोंदवले आहेत, सल्ला देणे-घेणे आणि नुकसानीपासून सावध करणे हा त्यांतला एक. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी लग्नाच्या दोन मागण्यांविषयी विचारले तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या दोघांविषयी जेवढे जाणणे गरजेचे होते तेवढे स्पष्ट सांगितले, आणि तेवढेच. "अमुक तिमाहीचे विवरण भरलेले नाही, अमुक कपात स्वीकारलेली नाही" ही माहिती आहे. "तो माणूसच तसला" ही गीबत आहे. दोघांतली रेघ बहुतेक वेळा आपल्या मनाला ठाऊक असते.

नव्या हिशेबनीसाचेही कर्तव्य आहे. लेखापरीक्षणाचे काम स्वीकारण्यापूर्वी आधीच्या सनदी लेखापालाला लेखी कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि जुन्याची निर्विवाद लेखापरीक्षण फी थकलेली असेल तर सर्वसाधारणपणे काम स्वीकारू नये असा त्यांच्या परिषदेचा दंडक आहे. अनेकांना हा व्यावसायिकांचा आपसातला शिष्टाचार वाटतो. मला त्यात आयतुद्दैनच्या त्या आज्ञेची छाया दिसते: सत्य लिहिणाऱ्याला एकटे पाडू नये. लहान गावांतले बहुतेक करसल्लागार सनदी लेखापाल नसतात, त्यांना हा कायदा लागू नाही. तेथे एक फोन करून "मी हे काम घेतो आहे, मला कळावे असे काही आहे का?" एवढे विचारणे अवघड नाही. ज्या गुत्तेदाराला नव्याने असा फोन केलेला चालत नाही, त्याच्याविषयी नव्याने थोडे सावध असावे.

तेरमध्ये गोरोबाकाकांची कथा लहान मुलालाही ठाऊक असते: थापटीने ठोकून मडके कच्चे की पक्के हे ते ओळखत, आणि एकदा संतांची डोकीही त्यांनी तशीच ठोकून पाहिली. आपल्या हिशेबातही 'कच्चे बिल' आणि 'पक्के बिल' हे शब्द आहेत. नव्या हिशेबनीसाला ठोकून पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. त्याला एखादी अडचणीची गोष्ट सांगावी आणि तो प्रथम काय विचारतो ते पाहावे. "खरे काय घडले?" असे विचारणारा एक, आणि "किती कमी करायचे?" असे विचारणारा दुसरा.

आता ज्या माणसाचे नाव या बदलात कोणीच घेत नाही, त्याच्याकडे येतो. आयकर कायद्यात छोट्या व्यावसायिकासाठी एक सोय आहे: ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असेल तर तिच्या आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या सहा टक्के नफा धरून कर भरता येतो, मग सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. पुष्कळ गुत्तेदार या सोयीत बसतात. सोय चांगली आहे. पण तिचा परिणाम असा होतो की हिशेबनीस बदलताना नव्याकडे फक्त उलाढालीचा आकडा जातो. सिमेंटवाल्याची बाकी उतरते, कारण तो फोन करतो. बँकेची उतरते, कारण ती नोटीस पाठवते. बिगाऱ्याचे तीन आठवडे जुन्या पानांवरच राहून जातात, आणि ती पाने पिशवीच्या तळाशी. शासनाने वही मागितली नाही म्हणून देणे संपत नाही. लहान असो वा मोठे, देणे मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका, अशी आयतुद्दैनची ताकीद आहे. सूट आहे ती हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला. हजेरी आणि उचल हा हातोहातचा व्यवहार नाही.

म्हणून पिशवी नव्या टेबलावर नेण्यापूर्वी एका बाजाराच्या दिवशी, पगार वाटताना, गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले यांना एकेक करून बोलवावे. मजुरी हे गुत्तेदारावरचे देणे आहे, ते त्याने सांगावे. उचल हे मजुरावरचे देणे आहे. आयतीच्या नियमाने ती किती हे मजुराने सांगायचे आहे आणि गुत्तेदाराने ऐकायचे आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते: उचलीचा आकडा मुकादम वाचतो आणि मजूर मान हलवतो. ज्याला वाचता येत नाही किंवा सांगता येत नाही, त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, ही तरतूदही तेथेच आहे. मजुराची शाळेत जाणारी मुलगी सोबत आली तर तिच्याकडून पान वाचून घ्यावे. आकडे जुळले नाहीत तर जुन्या हिशेबनीसाला फोन करावा, कारण त्या महिन्यांची रुजवात त्याच्याच ध्यानात आहे, आणि फी चुकती झालेली असेल तर तो उचलेलही. मग ती बाकी नव्या वहीच्या पहिल्या पानावर, सिमेंटवाल्याच्या नावाच्या वर लिहावी.